ज्येष्ठसाक्ष

नरसाबाई कोंडलवार यांना आकड्याने ओळखलेले खपत नसे. देशभर जीवनपट लागू होऊन बारा वर्षे झाली होती आणि कुंडलपेठेतल्या पानवाल्यालाही आपला चौदा आकडी क्रमांक तोंडपाठ होता; परंतु दवाखान्याच्या दारातल्या यंत्राने "क्रमांक सांगा" म्हटले की नरसाबाई पदर सावरून उत्तर देत, "कोंडलवारांच्या घरची थोरली." यंत्र नम्रपणे पुन्हा विचारी, त्या पुन्हा तेच सांगत, आणि अखेर मुलगा गोविंद मागून हात घालून त्यांचा अंगठा काचेवर टेकवी.

जीवनपट म्हणजे प्रत्येक माणसाची जन्मापासूनची आरोग्याची वही. ती कुठल्या कपाटात नव्हती, सर्वत्र होती. मांजरा नदीच्या काठी ताप आला तरी तिची नोंद दिल्लीत उघडता येई. मात्र डॉक्टरासमोर ती उघडे तेव्हा नाव, आडनाव आणि गाव झाकलेले असे. ठरावीक आडनावांच्या रुग्णांना तासन् तास ताटकळत ठेवले जाते, हे आकडेवारीने सिद्ध झाल्यावर केलेला हा कायदा होता, आणि तो केला हे योग्यच झाले. तरीही नरसाबाईंना राग होता. पाच पिढ्यांचे भुसाराचे दुकान, गावातल्या निम्म्या लग्नांत पहिला मान, आणि दवाखान्यात मात्र नाव झाकायचे? झाकायला काय ते चोरीचे आहे?

त्या दिवशी मात्र त्यांचे लक्ष दवाखान्याकडे नव्हते. उदगीरहून इंदुमती नलमवार यायच्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, एकुलता एक मुलगा श्रेयस पुण्यात पुलांचे आराखडे करणारा, घराणे तोलामोलाचे, समाज एकच. नात ईशानी चोवीस वर्षांची झाली होती, माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करीत होती, आणि आजवर आलेली तीन स्थळे तिने स्वतःच मोडली होती. हे चौथे नरसाबाईंनी निवडलेले होते.

"अम्मा, सकाळपासून पोटात फार दुखतंय," ईशानी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून म्हणाली.

"पाहुणे यायचे म्हटलं की तुझ्या पोटात नेहमीच दुखतं. मागच्या वेळी दाढ दुखत होती."

"हे खरं आहे."

"मग ओवा खा आणि खरी साडी नेस. ती प्रयोगशाळेतली पँट आज नको."

ईशानीने ओवा खाल्ला, साडी नेसली आणि पाहुण्यांसमोर ताठ बसली. इंदुमतीबाई बारीक, तपकिरी चष्म्याच्या, शब्द मोजून वापरणाऱ्या होत्या. त्यांनी मातीविषयी दोन चांगले प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना ईशानी थांबली, तिच्या कपाळावर घाम फुटला आणि ती खुर्चीवरून सरळ सतरंजीवर कोसळली.

उपजिल्हा रुग्णालयात पोचायला अकरा मिनिटे लागली. इंदुमतीबाई न विचारता गाडीत बसल्या होत्या. वाटेत ईशानीचे डोके त्यांच्याच मांडीवर होते. नरसाबाई पुढच्या आसनावर बसून रस्त्यातल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला हातवारे करून बाजूला काढीत होत्या. त्या ओव्याची चिमूट त्यांच्या मनातून जात नव्हती.

तपासणीच्या पलंगानेच पोटाचे चित्र काढले. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आल्या. त्यांचे नाव रेहाना मुजावर, मूळच्या कोल्हापूरच्या. भूल देणे हे त्यांचे काम.

"अपेंडिक्स फुटलं आहे. सर्जन तयार होत आहेत. अर्ध्या तासात आत घ्यावं लागेल. तिने सकाळी काय खाल्लं होतं?"

"ओवा," नरसाबाई म्हणाल्या.

"पोट पूर्ण रिकामं नाही, म्हणजे भूल झटपट द्यावी लागेल. घाबरू नका. घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, ते जीवनपट आता तुम्हाला विचारील. घरातल्या ज्येष्ठ तुम्हीच ना?"

"माझ्याहून थोरलं आमच्यात आता कुणी नाही."

"मग फोन तुम्हालाच येईल," म्हणून डॉक्टर आत गेल्या. गोविंद सह्या करायला खिडकीकडे गेला. बाकावर दोघी उरल्या, नरसाबाई आणि इंदुमतीबाई.

या फोनला सरकारी भाषेत 'ज्येष्ठसाक्ष' म्हणत आणि लोकांच्या भाषेत म्हातारीचा फोन. त्यामागे एक ओशाळवाणी हकिगत होती. जीवनपट सुरू झाला तेव्हा कर्मचारी घरोघर फिरले आणि घराण्यातल्या आजारांविषयी त्यांनी चाळीस प्रश्न विचारले. लाखो घरांनी चाळीसही वेळा "नाही" असेच सांगितले. फेफरे नाही, वेड नाही, कोड नाही, काहीच नाही. कागदावर सारा देश ठणठणीत झाला आणि दवाखान्यांत माणसे दगावत राहिली. मग कोणा शहाण्याच्या लक्षात आले की या देशात कुळाचे आजार कागदावर नसतात; ते घरातल्या सर्वांत वृद्ध बाईच्या स्मरणात असतात, आणि दारात आलेल्या परक्या माणसाला ती ते सांगत नाही. कारण घरात लग्नाची मुले असतात. परंतु शस्त्रक्रियेच्या दारात, आपले माणूस आत असताना, तिलाच विचारले तर ती सांगते. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या भुलीआधी यंत्र स्वतः तिला फोन करी.

नरसाबाईंनी त्या कर्मचाऱ्यांना दारातूनच परत पाठवले होते. रक्तावरून वंशाची तपासणी फुकट करून देतो म्हणणाऱ्यांना तर पायरीही चढू दिली नव्हती. प्रश्नांची उत्तरे त्यांनी उभ्या उभ्या दिली होती. चाळीस वेळा, "नाही."

बटव्यातला फोन वाजला. नरसाबाईंना कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असे.

"नमस्कार. मी जीवनपटाकडून बोलते आहे. तुम्ही नरसाबाई कोंडलवार ना?" आवाज बाईचा होता, शांत, इकडच्याच बोलीतला.

"आज नाव बरं आठवलं."

"साक्ष नावानेच द्यावी लागते, बाई. तिथे क्रमांक चालत नाही. तुमच्याजवळ कोणी बसलं असेल तर बाजूला जाता का? तुम्ही सांगाल ते फक्त डॉक्टरांना कळेल."

नरसाबाईंनी शेजारी पाहिले. इंदुमतीबाई समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होत्या. अर्थात वाचत नव्हत्या.

"विचारा," नरसाबाई म्हणाल्या.

"ईशानीच्या घराण्यात, आईच्या किंवा वडिलांच्या बाजूने, भूल दिल्यावर कुणाला त्रास झाला होता का?"

"नाही."

तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. तो आपला आपणच बाहेर पडला. पंचावन्न वर्षांची सवय होती.

"बरं. नोंद करण्यापूर्वी एकदा वेगळ्या शब्दांत विचारते. भुलीनंतर श्वास परत यायला फार वेळ लागला, किंवा आलाच नाही, असं कुणी?"

आलाच नाही.

वत्सला. नरसाबाईंच्या आईची धाकटी बहीण, म्हणजे नात्याने मावशी. परंतु त्यांच्या समाजातल्या जुन्या रीतीप्रमाणे नरसाबाईंचे लग्न सख्ख्या मामाशी झाले, म्हणून लग्नानंतर नणंद. आणि वयाने दोन वर्षांनी लहान, म्हणून खरे तर मैत्रीण. एकोणीस वर्षांची. घसा सारखा धरतो म्हणून टॉन्सिल काढायला नेली. महिन्यावर लग्न होते. दवाखान्यात जाताना ती म्हणाली होती, "नरसे, माझ्या बांगड्या तू घालू नकोस हं, तुझे हात जाड आहेत." दुपारी तिला परत आणले ते झाकून. हृदय बंद पडले, असे सर्वांना सांगण्यात आले.

तेराव्या दिवशी भूल देणारे म्हातारे डॉक्टर स्वतः घरी आले होते. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी सासूबाईंना एक चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीवर एका औषधाचे नाव होते आणि खाली लिहिले होते, की हे औषध या घरातल्या कोणालाही कधीही देऊ नये. सासूबाईंनी ती चिठ्ठी पत्रिकांच्या डब्यात तळाशी ठेवली, आणि मरताना नरसाबाईंच्या हाती डबा देऊन म्हणाल्या, "दाखवायची नाही. फेकायचीही नाही. पोरींची लग्नं व्हायची आहेत." वत्सलेच्या मागे घरात सात लग्ने झाली, आणि प्रत्येक वेळी त्या डब्यातून पत्रिका निघाली. चिठ्ठी कधी निघाली नाही.

"बाई, ऐकताय ना? डॉक्टर तिला आत घेत आहेत."

उठून कोपऱ्यात जाता आले असते. आवाज कमी करता आला असता. नरसाबाईंनी यातले काही केले नाही. कोपऱ्यात जाऊन बोलण्यानेच हे इथवर आले होते.

"आहे," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "वत्सला नारायण कोंडलवार. टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. औषध दिलं, नळी काढली, आणि तिचा श्वास आलाच नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. औषधाचं नाव माझ्या ध्यानात आहे." आणि पंचावन्न वर्षे न उच्चारलेले ते इंग्रजी नाव त्यांनी अक्षर न अक्षर सांगितले.

मग आवाज म्हणाला, "डॉक्टरांना पोचलं. त्यांनी ते औषध बाजूला ठेवलं आहे. दुसरं वापरत आहेत." आणि लगेच, "बाई, बारा वर्षांपूर्वी याच प्रश्नाला तुमचं उत्तर 'नाही' असं आहे. कोणतं खरं धरू?"

"हे."

"जुनं पुसता येत नाही. खाली दुरुस्ती लिहिता येते. कारण काय लिहू?"

"म्हातारी खोटं बोलली होती."

"'माहिती राहून गेली होती,' असं लिहू का?"

"राहून गेली नव्हती. खोटं बोलली, असंच लिहा. मला मराठी शिकवू नका."

फोन बटव्यात गेला. त्याच वेळी इंदुमतीबाई उठल्या. त्यांनी पर्स काखेला मारली, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि लांब लांब पावले टाकीत बाहेरच्या दाराकडे निघून गेल्या.

सह्या करून आलेल्या गोविंदाने त्यांची पाठ पाहिली. "अम्मा, काय झालं? त्या निघाल्या की काय?"

"जाऊ दे."

"पण काय बोललीस तू त्यांना?"

"त्यांना काहीच नाही बोलले. बस इथं. माझा हात धर." गोविंदाने हात धरला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात आईने त्याला असे सांगितल्याचे त्याला आठवत नव्हते.

सव्वा तासाने डॉक्टर मुजावर बाहेर आल्या. टोपी काढल्याने त्यांचे केस एका बाजूला चिकटले होते, आणि त्या हसत होत्या.

"झालं सगळं. पोट धुऊन काढलं आहे. शुद्धीवर येते आहे, स्वतः श्वास घेते आहे." मग त्या नरसाबाईंच्या समोर उकिडव्या बसल्या, शाळकरी पोरीसारख्या. "अम्मा, तुम्हाला माहीत आहे का तुम्ही काय केलंत? ते औषध झटपट भुलीसाठी आम्ही देतो. ते स्नायू पार सैल करतं, छातीचेसुद्धा. आपल्या रक्तात एक रस असतो, तो त्याला पाच-दहा मिनिटांत मोडून टाकतो आणि माणूस पुन्हा श्वास घेऊ लागतो. काही घराण्यांत तो रस जन्मतःच नसतो. आई आणि बाप, दोघांकडून तो दोष आला तर. एरवी आयुष्यभर काही होत नाही. ना ताप, ना दुखणं. पण ते औषध दिलं की ते कित्येक तास मोडतच नाही. माणसाला ऐकू येत राहतं, आणि पापणीसुद्धा हलवता येत नाही."

"ऐकू येतं?" नरसाबाईंनी विचारले.

डॉक्टरांच्या ध्यानात आले, की हे सांगायला नको होते. त्यांनी नरसाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्या वेळी श्वासाचं यंत्र छोट्या दवाखान्यात नसायचं, अम्मा. यंत्रावर ठेवलं तर काही तासांनी सगळं आपोआप ओसरतं. आज आमच्याकडे यंत्र आहे. ईशानीतही तो दोष असला, तरी ती मेली नसती. पण जागेपणी सहा-सात तास दगडासारखी पडून राहिली असती. तेवढं तुम्ही वाचवलंत."

"म्हणजे हा रोग नाही."

"मुळीच नाही. एका औषधाची मनाई आहे, एवढंच. जीवनपटावर एक ओळ." त्या उठल्या. "मला शिकवणारे सर या सीमाभागात नोकरीला होते. ते सांगायचे, ठरावीक आडनावं दिसली की ते औषध कपाटातच ठेवत. आम्हाला आडनाव दिसत नाही. ते बरंच आहे. पण मग कुणीतरी सांगावं लागतं."

एक ओळ. नरसाबाई भिंतीला टेकून बसल्या. एका ओळीसाठी सात लग्नांत जीव मुठीत धरला होता, आणि एका मैत्रिणीचे मरण खोट्या नावाखाली पुरले होते. त्यांना रडू येईल असे वाटले होते. आला तो एक लांबलचक निःश्वास, जणू कोणी पाठीवरचे पोते उतरवून घेतले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ईशानीला खोलीत आणले. नरसाबाई पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या आणि नातीच्या छातीवरची चादर वर जाते, खाली येते, हे पाहत राहिल्या. यंत्राच्या पडद्यावर तोच आकडा दिसत होता, पण त्यांचा भरवसा चादरीवर होता.

"अम्मा," ईशानी डोळे न उघडता म्हणाली, "पोट खरंच दुखत होतं."

"हो गं माझे बाई. चुकलं माझं."

ईशानीने एक डोळा उघडला. "हे पुन्हा म्हण. बाबांना ऐकू दे."

"अंगात जीव आला वाटतं."

"पाहुण्या गेल्या?"

"गेल्या," गोविंद म्हणाला, आणि तेवढ्यात दार ढकलून इंदुमतीबाई आत आल्या. साडी चुरगळलेली, केस विस्कटलेले, हातात शहाळ्यांची पिशवी. त्या पिशवी खाली ठेवून आधी ईशानीजवळ गेल्या, तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि मग नरसाबाईंकडे वळल्या.

"माझ्या फोनला आत रेंज मिळेना, म्हणून बाहेर गेले. मग पुण्याला बोलले, मग त्या जीवनपटाच्या बाईला शोधलं. ती आपण होऊन फोन करते तेव्हा लगेच करते. आपण केला की पाऊण तास गाणी ऐकवते."

"कशासाठी?"

इंदुमतीबाई खुर्चीवर टेकल्या. "गुरुवारी श्रेयसचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. परवा मला हाच फोन आला होता. मी 'नाही' म्हणून सांगितलं. माझे सासरे मुतखड्याच्या ऑपरेशननंतर नऊ तास निपचित पडले होते. मोठा दवाखाना होता म्हणून वाचले. घरात कुणी त्याचं नाव काढायचं नाही, अशी ताकीद होती. आणि तुमच्याकडे यायचं ठरलं होतं ना. म्हटलं, कोंडलवारांचं घर, कळलं तर काय म्हणतील."

नरसाबाईंच्या पोटातून हसू वर आले. ते आवरताना खुर्ची करकरली, आणि मग आवरलेच नाही. इंदुमतीबाईही हसू लागल्या, चष्मा काढून डोळे पुसत.

"म्हणजे तुम्ही आम्हाला फसवत होतात," नरसाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही आम्हाला."

"बरोबरीची सोयरीक झाली म्हणायची!"

"झाली कुठे?" पलंगावरून आवाज आला. "मला हसवू नका, टाके दुखतात. त्या श्रेयसला आधी माझ्याशी बोलू दे. आणि दोघांचं रक्त तपासायचं. माती न तपासता मी कुणाला बीसुद्धा पेरू देत नाही."

"ऐका," नरसाबाई इंदुमतीबाईंना म्हणाल्या. "ही अशी आहे. पुढे म्हणाल सांगितलं नाही."

श्रेयसची शस्त्रक्रिया गुरुवारी दुसऱ्या औषधाने नीट पार पडली. रविवारी तो टाके सांभाळत व्हिडिओवर ईशानीशी दीड तास बोलला. काय बोलला ते नरसाबाईंना कोणी सांगितले नाही, आणि त्यांनी विचारलेही नाही. हाही एक बदलच होता.

आठव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, ओट्यावर चिंचा फोडीत बसल्या असता त्यांचा फोन वाजला.

"नरसाबाई, जीवनपटाकडून बोलते. तुमच्याशी रक्ताचं नातं असलेली एकतीस घरं आहेत. त्यांतली एकोणीस कुंडलपेठेतच आहेत. तिथल्या ज्येष्ठांना हाच प्रश्न विचारायची परवानगी द्याल का? तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"नाव आलं नाही, तर त्या एकसुद्धा खरं सांगणार नाहीत. मी ओळखते एकेकीला." नरसाबाईंनी चिंचेचा हात पदराला पुसला. "नाव सांगा. वत्सलेचंही सांगा. ती हृदयाने गेली नाही, हे सगळ्यांना कळू दे. आणि हो, माझा क्रमांक काय तो बिनधास्त वापरा. मला आता त्याचं काही वाटत नाही."

"परवानगीची नोंद केली. लगेच सुरुवात करते."

नरसाबाईंनी फोन मांडीवर ठेवला. पहिला फोन समोरच्याच घरात वाजला, पद्मावतीबाईंच्या. मग शेजारच्या माडीवर. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानामागे, मग पलीकडच्या बोळात. सगळी गल्ली एकामागून एक किणकिणू लागली. समोरच्या उघड्या दारातून पद्मावतीबाईंचा आवाज स्पष्ट येत होता.

"कोण? कोण म्हणालात? नरसाबाईंनी सांगितलं? असं म्हणाल्या त्या?" मग दबलेल्या स्वरात, "थांबा हं जरा, आधी दार लावून घेते."

नरसाबाई ओट्यावरून उठल्या. गुडघे कुरकुरले, त्यांना त्यांनी जुमानले नाही. कठड्याला धरून त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज लावला.

"पद्माबाई! दार उघडंच राहू द्या!"